चाळिसावी टाचणी

"शरीरात कुठे धातूचं काही आहे का? पट्टी, स्क्रू, छर्रा, सुई, टाचणी?" हातातल्या फॉर्मवरून मान वर न करता एमआरआयच्या खोलीबाहेरच्या मुलीने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

फार पटकन म्हणाले. एरवी या माणसाला 'चहा घेणार का' एवढं विचारलं तरी उत्तर यायला वेळ लागतो. आधी चष्म्यावरून बघणार, मग हातातली शिवण संपवणार, मग मान हलवणार, आणि ती मान 'हो'ची की 'नको'ची हे मी ओळखायचं. आज मात्र प्रश्न पुरता संपायच्या आत 'नाही'.

मुलीने चौकटीत खूण केली. "बंद जागेची भीती?"

"नाही."

"याआधी कधी एमआरआय?"

"नाही."

"इथे सही करा काका. घड्याळ, पट्टा, पेन, चष्मा सगळं काकूंकडे द्या आणि हा गाऊन घाला. आतलं मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक आहे. तो बंद होत नाही, आत्ताही चालूच आहे. लोखंडाचं काही आत गेलं तर खेचून घेतो. मागे एकदा सफाईवाल्याची बादली उडत जाऊन चिकटली होती." ती हसत सांगत होती. दिवसातून दहा वेळा सांगत असेल, तिला त्याचं काय.

मास्तरांनी खिसे रिकामे केले. शेवटी मापाची टेप निघाली. तिच्या टोकांना पत्र्याच्या टोप्या असतात, म्हणून तीही माझ्या ओंजळीत आली. मग ते पडद्यामागे गेले आणि गाऊन घालून बाहेर आले. पिंढऱ्या उघड्या, पाठीला दोन नाड्या. मला वाटलं आता लाजतील. पण त्यांनी बाही उलटी करून शिवण बघितली आणि पुटपुटले, "कच्ची टीप आहे. दोन धुण्यांत उसवेल."

त्यांना भीती वाटली की ते शिवणीकडे बघतात. चौतीस वर्षांच्या संसारात मला एवढं तरी कळलेलं आहे.

आमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. पुढे मास्तरांचं मशीन, मागे माझं स्टूल. बेतणं, कापणं, शिवणं त्यांचं. काज-बटण, तुरपाई आणि इस्त्री माझी. गिऱ्हाइकाचं माप ते मोठ्याने सांगतात आणि मी वहीत लिहिते. माप सांगताना जेवढं बोलतात तेवढंच बोलणं. बाकी वेळ त्यांच्या ओठांत टाचण्या असतात. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, कामात आहेत, म्हणून बोलत नाहीत. पुढे लक्षात आलं की काम नसतानाही दोन-चार ओठांत असतातच. घरात काही अडचण आली, कोणी भांडायला आलं, मी रागावले, की यांचा हात टाचण्यांच्या डबीकडे जाणार. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाशी कोण किती वेळ भांडेल?

त्या टाचण्या चाळीस आहेत. शटर ओढायच्या आधी मी त्या डबीत मोजते. मास्तर जिथे काम शिकले त्या दुकानात एकदा कॉलरमध्ये राहिलेली टाचणी गिऱ्हाइकाच्या मानेत घुसली होती, तेव्हापासून हा नेम. कमी भरल्या तर दोरीला बांधलेला लोहचुंबक घेऊन मी जमिनीवर फिरवते. टिक आवाज होतो, टाचणी उडी मारून चिकटते. मग मी "चाळीस" म्हणते आणि शटर खाली येतं.

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी एकोणचाळीस भरल्या. मी चुंबक घेऊन मशीनखाली बसले. मास्तर खुर्चीवर बिनसाखरेचा चहा पीत होते. ते पेडल अनवाणी मारतात. चप्पल घातली तर म्हणे मशीनचा वेग कळत नाही. मी चुंबक कोपऱ्यात फिरवला, इस्त्रीच्या टेबलाखाली फिरवला, काही नाही. त्यांच्या पायाजवळून ओढत होते, तेवढ्यात दोरीला हिसका बसला आणि चुंबक टुणकन उडून त्यांच्या टाचेला चिकटला.

क्षणभर मला हसूच आलं. मग मी खाली वाकून बघितलं. टाचेत टाचणीचं नुसतं डोकं दिसत होतं. बाकी सगळी आत.

मी ती ओढून काढली. टोक लाल झालेलं होतं. मास्तरांनी चहाचा घोट घेतला.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

"काय?" ते म्हणाले.

बघा, या 'काय'ने मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. साखर सहा वर्षांपासून होती. गोळ्या चालू होत्या. पण घरात कोणी त्या दुखण्याचं नाव घेत नसे, कारण सासऱ्यांना तेच होतं. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. जळत्या विडीवर पाय पडला आणि कळलं नाही. आधी एक बोट गेलं, मग गुडघ्याखालून पाय, आणि अकरा महिन्यांनी माणूस.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडू दिलं नाही. मोठ्या दवाखान्यात साखरेच्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेले. बाई पोक्त, आवाज करडा. त्यांनी मास्तरांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या दोऱ्याचं टोक तळव्याला टेकवत विचारायला लागल्या, "कळलं की हो म्हणा."

"हो," मास्तर म्हणाले. "हो. हो. हो."

बाईंनी हात मागे घेतला. "मी शेवटच्या तीन वेळा दोरा लावलाच नव्हता, मास्तर."

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत.

मग बाईंनी त्यांचं वजन बघितलं, पोट चाचपलं आणि विचारात पडल्या. माणूस असा सडपातळ आणि साखर अशी वर. त्यांच्याकडे एक अभ्यास चालू होता. लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडात किती चरबी साठली आहे ते एमआरआयने मोजायचं, सहा महिने नेमून दिलेलं खायचं, आणि पुन्हा मोजायचं. "चरबी कमी झाली तर साखर उतरते का, हे आम्हाला बघायचंय. उतरेलच असं वचन मी देत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमच्यासारखी बारीक माणसं आम्हाला हवी आहेत."

मास्तर इतक्या जोरात "येतो" म्हणाले की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

तर अशा रीतीने आम्ही त्या लाल पाटीच्या दारापर्यंत पोचलो होतो. मुलीने दाराला हात घातला. आतून ठक-ठक, ठक-ठक असा आवाज येत होता, कोणीतरी लांब कुठेतरी पत्रा ठोकत असल्यासारखा. मास्तर गाऊन सावरून उभे राहिले. आणि मला एकतीस वर्षांपूर्वीची दुपार दिसायला लागली.

तेव्हा मास्तर एका गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी टाचत होते. गुडघ्यावर बसलेले. तोंडात चार टाचण्या. चार, कारण डबी माझ्याच हातात होती आणि मीच मोजून दिल्या होत्या. दारात थोरले दीर येऊन उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या नाहीत, बसले नाहीत. "बाबांचा पाय काढला," म्हणाले. मास्तरांनी एकदम श्वास आत ओढला. आवाज झाला, विहिरीत पोहरा पडल्यासारखा. मग त्यांनी तोंडातून टाचण्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. तीन.

त्या संध्याकाळी एकोणचाळीस भरल्या. "सापडेल उद्या," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी मोजल्या तर चाळीस होत्या. पण चाळिसाव्या टाचणीला निळ्या काचेचा मणी होता. आमच्या सगळ्या साध्या डोक्याच्या.

मी विचारायला हवं होतं. पण घरात सासऱ्यांचं चालू होतं, दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. आज विचारीन, उद्या विचारीन म्हणता म्हणता विचारायची वेळ टळून गेली. पुढे विचारायचीच भीती वाटायला लागली. मी आपली महिनाभर त्यांना रोज सहा-सहा केळी खाऊ घालत होते. कुणीतरी सांगितलं होतं की गिळलेलं काही असेल तर केळ्यात गुंडाळून निघून जातं. मास्तर निमूटपणे खात होते. का, म्हणून त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे त्यांना नुसती उचकी लागली तरी माझ्या हातातली सुई थांबायची. रात्री कुशीवर वळताना कण्हले तर मी जागी. एकतीस वर्षं.

मुलीने दार अर्धं उघडलं.

"थांबा," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली. ही 'नको'ची होती, स्पष्ट.

परक्या पोरीसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं होतं. आणि बोलले तर कदाचित त्यांना घरी पाठवतील; त्या बाई, तो अभ्यास, ते पायाचं, सगळं तिथेच संपेल. नाही बोलले तर ते त्या दारातून आत जातील. माझ्या डोळ्यांसमोर तो टाचेला चिकटलेला चुंबक आला.

"यांच्या पोटात टाचणी आहे," मी म्हणाले. "म्हणजे असेल. एकतीस वर्षांपूर्वी गिळलेली. लोखंडी."

मुलीने दार लावून घेतलं. तिचं हसू गेलं होतं. "काका?"

मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"काकू, बरं झालं आत्ता बोललात," ती हळूच म्हणाली. "आता आधी एक्स-रे काढावा लागेल. छातीचा आणि पोटाचा. त्यात दिसली तर मात्र मी यांना आत नेऊ शकणार नाही."

एक्स-रे झाला. तो बघणारे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत होते. आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. मास्तर गाऊनमध्ये, मी त्यांचे कपडे मांडीवर घेऊन. समोरून माणसं जात होती, स्ट्रेचर जात होते. पंधरा-वीस मिनिटं गेली. मास्तरांचा उजवा हात दोनदा खिशाकडे गेला, पण गाऊनला खिसा नव्हता आणि डबी दुकानात होती.

"एकतीस वर्षं तुला माहीत होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चार दिल्या होत्या. तीन परत आल्या."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोललात का?"

"म्हणून ती केळी?"

"म्हणून केळी."

"मला वाटलं, त्या वर्षी पीक जास्त आलं असेल."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. मी त्यांच्या शर्टानेच डोळे पुसले. मग मात्र राग आला. "अहो, पण नाही काय म्हणालात? पोट फाटलं असतं म्हणजे?"

"हो म्हणालो असतो तर आत घेतलं नसतं."

"मग नसतं घेतलं!"

"पोटाचं काय, जायचं तर एकदम जातं," मास्तर खाली बघत म्हणाले. "पाय तुकड्यातुकड्याने जातो. मी बघितलंय. बाबांची जखम मीच बांधायचो. तू घरी असायचीस तेव्हा."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय फरशीवर सरळ ठेवले होते, फरशी थंडगार होती आणि त्यांना ती थंड लागत नव्हती. मी त्यांची चप्पल पुढे सरकवली.

तासाभराने एक डॉक्टर स्वतःच आले. तरुण, चष्मेवाले, घाईत. "टेलर मास्तर कोण?" मी उभी राहिले, मास्तर बसूनच. "काही नाहीये. छातीत नाही, पोटात नाही. गेली असेल तेव्हाच, तीन-चार दिवसांत. बहुतेक जातात."

"नीट बघितलंत?" मी विचारलं.

"काकू, टाचणी एक्स-रेत लपत नाही."

मास्तरांनी फिल्म मागितली. उजेडाकडे धरली आणि बघत बसले, कापडात कुठे खोट आहे का बघतात तशी, वरून खाली, मग आडवी. त्यांच्या बरगड्या, कणा, आणि सगळीकडे राखाडी ढगाळ काहीतरी. टाचणी नव्हती. तीन-चार दिवसांत गेली होती, आणि आम्ही दोघं तिला एकतीस वर्षं सांभाळत होतो. त्यांनी फिल्म खाली केली. मी त्यांचा हात धरला. धरू दिला.

मग ते त्या दारातून आत गेले. मला काचेच्या अलीकडे बसायची परवानगी मिळाली. मशीन म्हणजे भिंतीएवढं पांढरं कडं, आणि त्यात मास्तर हळूहळू सरकत गेले. शेवटी फक्त तळवे बाहेर राहिले, माझ्याकडे वळलेले. मुलगी माइकमध्ये म्हणायची, "श्वास घ्या. सोडा. आता रोखून धरा. हलू नका." मग तो ठोकण्याचा आवाज. मी नकळत माझाही श्वास धरायची, आणि माझा आधी सुटायचा. पोटातली चरबी मोजायची तर श्वास धरावा लागतो, नाहीतर चित्र हलतं.

"काकांचं भारी आहे हं," मुलगी मला म्हणाली. "लोकांना वीस सेकंद धरवत नाही. काका हलतसुद्धा नाहीत."

सुईत दोरा ओवताना, शर्टाच्या काखेचा गोल कापताना, घरात कुणी वर्मावर बोट ठेवलं तेव्हा, हा माणूस श्वास धरूनच असायचा. हलायचा नाही, एवढं खरं.

आठवड्याने डॉक्टर बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. पोटाचा आडवा काप, रंग भरलेला. जिथे चरबी नाही तिथे निळा, जिथे आहे तिथे पिवळा, नारिंगी. मास्तरांचं लिव्हर उन्हाळ्यातल्या संध्याकाळसारखं नारिंगी होतं.

"पाच टक्क्यांच्या आत असावी. तुमची अठरा आहे," बाई म्हणाल्या. "आणि हे स्वादुपिंड. हेही पिवळं."

"चरबी?" मास्तर उठून उभेच राहिले. त्यांनी खिशातून टेप काढली आणि शर्टावरूनच कंबरेला गुंडाळली. "एकतीस इंच आहे बाई. पंचवीस वर्षं पँटचं माप बदललं नाही. माझी मी शिवतो."

"तुमची टेप बाहेरून जाते, मास्तर."

टेप कंबरेलाच राहिली. हजारो लोकांची पोटं मोजलेला माणूस. कोणाला किती सैल ठेवायचं हे बघताक्षणी सांगणारा. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांची फार दया आली.

बाईंनी खाण्याचा कागद दिला. किती, कधी, काय नाही. आठ किलो उतरवायचे. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रोज संध्याकाळी यांचे तळवे तुम्ही बघायचे. हाताने चाचपून. यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे हो हो म्हणतात."

"पायाचं परत येईल का?" मी विचारलं.

"पुढे जाऊ नये एवढं बघू," बाई म्हणाल्या.

सहा महिने मास्तरांनी तो कागद पाळला. अर्धी पोळी म्हणजे अर्धी. पाव इंच इकडे नाही की तिकडे नाही. सात किलो उतरले. गाल आत गेले. गिऱ्हाइकं माप द्यायला आली की त्यांच्याकडे बघून मला बाजूला घ्यायची आणि विचारायची, "मास्तरांना काही झालंय का हो?" 'बरे व्हायला लागलेत' असं सांगितलं तर कोणाला पटायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटायचं नाही. पाठमोरे बसले की सासऱ्यांसारखे दिसायचे.

तळवे बघायचं मात्र जमत नव्हतं. म्हणजे मी बघायची. टाचण्या मोजून झाल्या की स्टूल पुढे ओढायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची आणि अंगठा फिरवत विचारायची, "कळतंय?"

"हो," मास्तर म्हणायचे. ओठांत दोन टाचण्या धरून. त्या मी मोजणीत तशाच धरायची.

"इथे?"

"हो."

"आणि इथे?"

"हो म्हटलं ना."

एकदा मी हात लावलाच नाही आणि विचारलं. "हो," म्हणाले. मी पाय खाली ठेवला आणि शटर ओढलं.

दुसरा एमआरआय झाला. या वेळी मुलीने फॉर्म वाचला तेव्हा 'टाचणी' शब्दावर थांबून माझ्याकडे बघितलं. मी 'नाही' म्हणून मान हलवली. लिव्हर अठरावरून सातवर आलं होतं. चित्रात नारिंगी जाऊन बराचसा निळा झाला होता. साखर उतरली होती, एक गोळी कमी झाली. डॉक्टर बाई खूश होत्या. स्वादुपिंड मात्र जवळजवळ तसंच पिवळं होतं. "ते चिवट असतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी नायलॉनचा दोरा काढला. मास्तरांनी डोळे मिटले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बराच वेळ खोलीत आवाज नव्हता, 'हो' सुद्धा नाही.

बाईंनी दोरा ठेवला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आम्ही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी टाचण्या मोजल्या. एकोणचाळीस साध्या आणि एक निळ्या मण्याची, सगळ्या डबीत. मास्तरांच्या ओठांत एकही नव्हती. मी चमकून बघितलं. ते खुर्चीवर बसले होते आणि पाय त्यांनी स्वतःच स्टुलावर ठेवला होता.

मी बसले. पाय मांडीवर घेतला. अंगठा टाचेवर दाबला, जिथे ती टाचणी शिरली होती.

"कळतंय?"

ते माझ्याकडे बघत होते. ओठ कोरडे.

"नाही," मास्तर म्हणाले. "नाही गं कळत. मला भीती वाटते."

चौतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी हात काढला नाही. "मलाही वाटते," मी म्हणाले. मग हात थोडा पुढे नेला. चवड्यावर. "इथे?" "नाही." पावलाच्या कमानीवर. "नाही." पायाच्या वरच्या बाजूला. "नाही." घोट्याखाली. माझाच आवाज बारीक होत गेला. घोट्याच्या हाडावरून बोट जरा वर सरकवलं.

"इथे," ते म्हणाले. "इथे कळतंय."

मी टेबलावरचा खडू घेतला आणि तिथे रेघ मारायला गेले. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"रेघ नको मारू. रेघ मारली की कापतात."

आम्हा दोघांना तोच पाय आठवत होता. पण खडू हातात होता, आणि मीही टेलरची बायको आहे. "सगळ्या रेघा कापायच्या नसतात," मी म्हणाले. "ही दुमडीची. आज कुठे आहे ते कळायला हवं, तर उद्या हलली का ते कळेल."

त्यांनी मनगट हळूच सोडलं. मी घोट्याभोवती पांढरी रेघ मारली, सगळीकडून सारखी. टाचेपासून टेप लावली. मास्तरांनी मागे हात करून वही ओढली, मी रोज लिहिते ती मापांची वही, आणि कोरं पान काढून पेन्सिल टेकवली.

"सांग," ते म्हणाले.

"साडेतीन."

त्यांनी लिहिलं. पुढे तारीख घातली. मी डबीतून निळ्या मण्याची टाचणी उचलली, माझ्या पिशवीत टाकली आणि उठून शटर ओढलं. "एकोणचाळीस," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा अंगठा फिरवला आणि ते 'इथे' म्हणाले तिथे टेप लावली. त्यांनी श्वास धरला, मीही धरला.

"साडेतीनच," मी म्हणाले.